गंजाचे सातशे

तिच्या डाव्या दारावरचा गंज मी रंगवला होता.
गेरू, थोडा काळा ऑइलपेंट, स्पंजाचा तुकडा,
कडा ओल्या असतानाच फडक्याने पुसलेल्या.
सातशे ठरले होते. अडीचशे अजून यायचेत.

विरेंद्र मोंडकर पुण्याची नोकरी सोडून आला
तेव्हा मोबाइलात एका परदेशी गाडीचा फोटो होता.
गोल डोळे, नाकावर चकचकीत पट्टी.
"अशी पाहिजे," म्हणाला, "साठ सालातली."
साठ साली आमच्या आचऱ्यात
मोटारीचा आवाज आला तर माणसं पाणंदीतून धावत निघायची,
पण गिऱ्हाइकाला मी इतिहास शिकवत नाही.

टेम्पो दोन हजार चौदाचा,
आधी कोंबड्या वाहिलेला; धुतला तरी वास होताच.
नवं थोबाड कुडाळात ठोकलं,
डोळे बुलेटचे,
वर पिस्ता रंग, खाली साय.
बाहेर आली तीच म्हातारी होऊन.
कपाळावर मी नाव घातलं, वळणदार:
बांगडा वांगडा.

बांगड्याचा बर्गर, तिरफळाची चटणी, एकशे ऐंशी.
सोलकढी काचेच्या बरणीत, कागदाच्या नळीने प्यायची.
दोन मे आणि मधला एक नाताळ.
लोक खायचे कमी, तिला टेकून फोटो जास्त काढायचे,
आणि नेमके माझ्या गंजापाशी.
एखादी नखाने खरवडून बघायची,
मैत्रिणीला सांगायची, "खोटा आहे गं!"
मला बरं वाटायचं.

मग जनरेटर गेला.
मग भागीदार दुबईला गेला.
मग विरेंद्रचं बोलणं गेलं; नुसता समुद्राकडे बघत बसायचा,
जसं काही गिऱ्हाईक तिकडूनच येणार.

तसल्या आणखी दोन मी रंगवल्या होत्या.
एकीत देवबागेत कुणी गवत भरून ठेवतं.
दुसरीचं नाक कापून पुन्हा टेम्पो केला;
परवा कसालच्या चढावर समोरून आली,
मागे पिंजऱ्यांची चळत, पिसं उडतायत,
पुढे तेच दोन गोल, चकित डोळे.
मी स्कूटर बाजूला घेतली. हात करणार होतो.

ही मात्र पिरावाडीला, सुरूच्या कडेला,
चारही चाकं वाळूत मुरलेली.
चावी सत्यवती तारीकडे.
"परत येतंय म्हणान गेलो," ती सांगते,
"येतलो तेवा येतलो."
बंद फ्रिजात सोडे, ओव्हनात सुके बांगडे,
स्टीलच्या टेबलावर गोलम्याची मापं.
"उंदीर शिरना नाय ह्यात.
पुण्यासून येवन तेना येकच काम बरा केल्यान."
दिव्यांच्या माळेवर जाळं वाळत टाकलेलं,
एखादा बल्ब त्यात अडकल्यासारखा.
फळ्यावर माझ्याच अक्षरात अजून 'आजचा खास',
आणि त्याखाली तिच्या खडूने उधारी:
फ्रान्सिस ४०, मास्तर १२०,
होडीवाला (मोठो) बघूया.

अर्धा किलो सोडे मागितले. खिशात होते ते पुरले नाहीत.
तिने खडू उचलला. पेंटर, ३१०.

ती पुडी बांधत होती तेवढ्यात मी डाव्या बाजूला गेलो.
खाऱ्या वाऱ्याने खालून सुरुवात केलेली.
बंपर नाही, पायरी नाही,
दाराचा पत्रा पापडासारखा,
बोट लावलं की भुगा.
पिस्ता संपला, साय संपली,
नावातला 'वां' उरलाय आणि एक काना.
माझा कुठला, समुद्राचा कुठला, आधी कळेना.
मग नखाने वाजवत गेलो, खालून वर,
भस, भस, भस,
टण्.

हाताच्या पंजाएवढा तुकडा. थरावर थर दिलेला.
खोट्या गंजाखाली पत्रा तसाच,
कुडाळहून आला तसा.

"थयसून हात काढ," सत्यवती आतून ओरडली,
"पत्रो लागात!"
"नाय लागणा," मी म्हटलं.
"ह्यो माझो आसा."